झेंड्याला दिलेली धार

माझ्या काकावर अन्याय झाला. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, उन्हं डोंगरावरून पाड्यात उतरायच्या वेळेला, पोलिसांची गाडी आमच्या अंगणात आली आणि त्याला पायात चप्पलही घालू न देता घेऊन गेली. गुन्हा काय, तर राष्ट्रध्वजाचा अपमान.

अशी सुरुवात करायला मला दादाने शिकवलं. दादा म्हणजे आमच्या संघटनेतला मोठा कार्यकर्ता, सपाटीवरचा, केळीच्या बागायतीत वाढलेला. मी कॉलेजसाठी डोंगरातून शहाद्याला आले तेव्हा तो एसटी स्टँडवर वनहक्काची पत्रकं वाटत होता. मी एक घेतलं, उभ्या उभ्या वाचलं आणि त्याला म्हणाले, "हे आमच्या पाड्यात कुणाला कळणार नाही." तो म्हणाला, "मग तू लिही." तीन वर्षं मी लिहिलं. त्याचा नियम साधा होता. पहिल्या वाक्यात सांगायचं, कोणावर अन्याय झाला आणि कधी. शेवटच्या वाक्यात सांगायचं, वाचणाऱ्याने काय करायचं. मधे रडायचं नाही.

तर मधलं सांगते.

ऑगस्टमध्ये पंचायतीने घरटी एक झेंडा दिला. आमच्याकडे सगळ्यांनी तो लावला, कुडाच्या घरांवर बांबूला बांधून. काकाने स्वतः चढून आठ-दहा म्हाताऱ्यांच्या घरांवर बांधून दिला. काढायचा कधी, हे सांगायला कोणी आलं नाही. सातपुड्यातला पाऊस कोणाचं ऐकत नाही. नवरात्र येईपर्यंत झेंड्यांची लक्तरं झाली होती. शिवाय तालुक्याहून मोटरसायकलींची फेरी निघाली होती, तिचे झेंडे घाटाच्या वळणावळणांवर गळून पडले होते. फेरीतले लोक जेवायला पुढे निघून गेले. त्यांच्यातल्या एकावरही गुन्हा दाखल झालेला नाही, हे इथेच लिहून ठेवते.

घाटातले झेंडे काकाने दिवाळीच्या तोंडावर गोळा केले. जळणासाठी गेला होता, मोळीवर अंथरून आणले. काका आमच्या पाड्याचा पुजारा. देवाचं सगळं तोच करतो. आल्या आल्या त्याने मला विचारलं, कारण मी शिकलेली:

"हे जुने झाले की काय करतात तुमच्यात?"

'तुमच्यात' म्हणजे शाळा-कॉलेजात. मी मोबाइलवर नियम शोधून वाचून दाखवला. फाटलेला, मळलेला ध्वज एकांतात, शक्यतो जाळून किंवा त्याची प्रतिष्ठा राखली जाईल अशा दुसऱ्या रीतीने पूर्ण नष्ट करावा. मी त्याला आमच्या बोलीत, पावरीत करून सांगितलं.

"जाळायचा?" काका म्हणाला. "जिवंत आहे की अजून. थकलाय फक्त."

काकू आतून म्हणाली, "तुमच्या लंगोटीपेक्षा तरी धड आहे."

काका हसला, पण झेंडे त्याने जमिनीवर ठेवले नाहीत. कणगीवर ठेवले. रात्रभर तिथेच होते.

आमच्याकडे देवाला मातीचे घोडे देतात. नवस फिटला की घोडा देवाच्या झाडाखाली ठेवायचा. पुढे तो पावसाने झिजतो, तुटतो. तुटला म्हणून कोणी त्याला उचलत नाही, फेकत नाही, जाळत तर नाहीच. झाडाखाली सागाच्या पानावर सारून ठेवायचा, मोहाच्या दारूची धार द्यायची, आणि मातीत जाऊ द्यायचा. धार देणं म्हणजे आमच्यात नमस्कार. मोहाची पहिली धार देवाला, दुसरी मेलेल्या आजा-पणजांना, मग माणसाने तोंडाला लावायची. धार दिल्याशिवाय प्यायलेला माणूस आमच्यात बेअदब समजतात.

काका म्हणाला, "दुसरी रीत चालते म्हणतात ना तुझ्या नियमात? मग आमची रीत आहे."

मी तरी दादाला फोन केला. मला विचारून घ्यायची सवय होती, तीही त्यानेच लावलेली. त्याला घोड्यांचं सांगितलं, धारेचं सांगितलं. 'दारू' हा शब्द मी स्पष्ट उच्चारला. तो खूश झाला.

"अगं, हे तर भारीच! तुमच्याच रीतीने करा. मी येतो, शूट करू. आदिवासी देशावर कसं प्रेम करतो ते दाखवू जिल्ह्याला."

तो आला. झाडाखाली सगळा पाडा जमला होता. बायकांनी झेंडे झटकून, चौकोनी घड्या करून आणले होते. एका म्हातारीने तर आपला झेंडा धुऊन आणला होता. काकाने सागाची पानं अंथरली, त्यावर झेंडे एकावर एक ठेवले, शेजारी तुटके घोडे. मग तो बोलला. मी मराठीत देते, जमेल तसं:

"तू आमच्या घरावर बसलास. पावसात आमच्यासारखाच भिजलास. आम्ही खाली ऊसतोडीला गेलो की घर तूच राखणार होतास, पण तू थकलास. आता घोड्यांजवळ बस. चुकलं असेल तर आमच्यावर राग धरू नको."

आणि धार दिली. बारीक, न तुटणारी. मग पानाचा द्रोण दादासमोर धरला. दादाने एका हातात मोबाइल तसाच धरून दुसऱ्या हाताने द्रोण घेतला, आमच्याप्रमाणे आधी दोन थेंब झेंड्यांवर टाकले आणि प्यायला. त्याला ठसका लागला.

"केळीवाला दिसतोय," एक म्हातारी म्हणाली. "मुळासकट हलला."

सगळे हसले. दादाही हसला, डोळे पुसत. मग आमच्या ओट्यावर बसून ज्वारीची भाकरी आणि उडदाचं वरण जेवला. काकूने त्याला आग्रह केला, तेव्हा म्हणाला, "काकू, हे माझंच घर आहे." हे वाक्य माझ्या कानात अजून आहे. निघत नाही.

त्याने व्हिडिओ संघटनेच्या पानावर टाकला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याचा तुकडा कापला. त्यात घड्या नव्हत्या, काकाचं बोलणं नव्हतं, दादा तर नव्हताच. फक्त जमिनीवरचे झेंडे आणि त्यावर पडणारी दारू. वर लिहिलेलं होतं, बघा आणि पुढे पाठवा. खांडबाऱ्याला आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. "अगं, तुझ्या काकाला इथे शिव्या देताहेत. बाजारात सगळ्यांच्या मोबाइलवर तोच."

आणि सोमवारी गाडी.

मी ठाण्यात पोचले तेव्हा काका बाकड्याच्या कडेला बसला होता, अनवाणी. मराठी त्याला निम्मी कळते. त्याला काय विचारलं आणि त्याने काय उत्तर दिलं, हे दोन्ही बाजूंना माहीत नव्हतं. दारातल्या हवालदाराला मी घोड्यांचं सांगायला लागले. तो वाईट माणूस नव्हता. मला त्याने पाणी दिलं आणि अहिराणीत म्हणाला,

"पोरी, तू मन्हा पोरीसारखी शे, म्हणीसन सांगस. आते घोडा-बिडा काही सांगू नको. त्यानी झेंडावर दारू वती, हाई सगळा जिल्हानी देखं. सायबले वरथीन फोन यी ऱ्हायनात. पुरा व्हिडिओ शे का तुन्हाजोडे?"

पुरा व्हिडिओ. मला हायसं वाटलं. तो आहे, मी म्हणाले, आमच्या दादाकडे आहे, आणि दादा स्वतः तिथे होता. तो येऊन सांगेल.

संध्याकाळी नोटीस देऊन काकाला सोडलं. त्याला माझी चप्पल घालायला लावली, तो नको नको म्हणत होता, आणि एका रिक्षेत बसवून मी तशीच संघटनेच्या खोलीवर गेले. दादा दोघातिघांसोबत चहा पीत होता. मला बघून बाकीचे उठून बाहेर गेले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"दादा, पूर्ण व्हिडिओ दे. उद्या ठाण्यात चल, जबाब दे."

"तो पानावरून काढलाय."

"माहीत आहे. मोबाइलमधला दे."

"मोबाइलमधूनही काढला."

"का?"

त्याने चहा खाली ठेवला. "हे बघ, जंगल-जमिनीचं असतं तर मी छातीवर गोळी झेलली असती. हे झेंड्याचं आहे. यात आपण अडकलो तर दहा वर्षांचं काम जाईल. लोक ऐकून घेत नाहीत यात."

"लोक ऐकत नाहीत, तेव्हाच सांगायचं असतं. तूच शिकवलंस."

"पत्रकात ठीक आहे गं ते."

"तू दोन थेंब टाकलेस. तू प्यायलास."

तो दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मी तिथे नव्हतो. कोणी विचारलं तर मी नव्हतो. तूही तसंच म्हण, तुझं भलं होईल."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. छापण्यासारखं नाही.

मग आम्ही शहाद्याचा एक वकील केला. सज्जन माणूस. त्याने काकाला समजावलं: गुन्हा कबूल करा, न्यायाधीश म्हातारा माणूस बघून किरकोळ दंड करतील, मोकळे व्हा. लढलात तर तारखांवर तारखा, आणि उलटं गेलं तर कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

"कबूल म्हणजे काय बोलायचं?" काकाने मला विचारलं.

"की तू अपमान केलास."

 मी सांगितल्यावर तो म्हणाला, "धारेने अपमान होतो असं मी म्हटलं, तर आजवर मी देवाचं काय केलं? तुझ्या आजाला धार दिली, ते काय केलं?"

वकिलाला मी ते मराठीत सांगितलं. त्याने पेनाचं टोपण लावलं.

या वर्षी काका ऊसतोडीला टोळीबरोबर उतरला नाही, कारण तारीख आहे. ते चालेल, काकू म्हणते, बरं झालं, घरात माणूस दिसतोय. न चालणारं दुसरंच आहे. थंडीत वाघदेवाची पूजा झाली. बाटली हातात घेऊन काका उभा राहिला आणि धार द्यायच्या आधी त्याने आजूबाजूला बघितलं. एकेका पोराच्या हाताकडे. कोणाच्या हातात मोबाइल आहे ते. मग बाटली त्याने पुतण्याकडे दिली आणि मागे जाऊन बसला. त्याच्या वाटची धार वाघदेवाला मिळाली नाही.  

आता मुद्द्याचं. झेंड्याचा अपमान गुन्हा असावा का? आश्रमशाळेत मला कोणी विचारलं असतं तर मी छाती पुढे काढून 'हो' म्हणाले असते. आज म्हणते, नाही. झेंड्याला काही वाटो न वाटो, मी त्यावर वाद घालत नाही. मला स्वतःला तो फाटलेला बघवत नाही. पण अपमान झाला की मान दिला, हे कापडावर दिसत नाही. ते करणाऱ्याच्या मनात असतं. माझ्या काकाचं मन पावरीत बोलतं, आणि ठाण्यात, कोर्टात, मोबाइलवर पावरी कोणाला येत नाही. मग गुन्हा ठरवतो कोण? कापणारा ठरवतो. बघणारा ठरवतो. 'मी नव्हतो' म्हणणारा ठरवतो. जाळलेला झेंडा नियमात बसतो आणि धार दिलेला झेंडा तुरुंगात नेतो, कारण जाळणं तुमच्या रीतीतलं आहे आणि धार आमच्या. एवढाच फरक मला या कायद्यात दिसला. कोणी म्हणेल, मग खरोखर पायदळी तुडवणाऱ्याचं काय? त्याला चार शब्द सुनवा, त्याच्याशी बोलणं सोडा, पत्रक काढा त्याच्या विरोधात. मी लिहून देते. कैद नको. कैद घाटात झेंडे टाकणाऱ्यांपर्यंत पोचत नाही. ती उचलणाऱ्यापर्यंत पोचते.

झाडाखालचे झेंडे त्याच सोमवारी पंचनाम्यात गेले. पोत्यात भरून नेले, मुद्देमाल म्हणून. धुतलेला, घडी केलेला, सगळे एकाच पोत्यात. काकाने तेवढंच विचारलं होतं जाताना, की पोतं कोरडं आहे का.

पुढची तारीख होळीनंतरच्या सोमवारी आहे. काका कबूल करणार नाही. साक्षीला पाड्यातले लोक येतील, त्यांची भाषा कोणी समजून घेतली तर. दादा येणार नाही.

म्हणून तुम्ही या. तुमच्याही घरावर तो झेंडा होता. आता तो कुठे आहे? माळ्यावर? कपाटात कपड्यांखाली? गाडी पुसायच्या फडक्यांत? उठा आणि शोधा. सापडेल तसा, फाटका असेल तर फाटका, तो हातात घेऊन त्या सोमवारी आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या दारात उभे राहा, आणि माझ्या काकाला आत बोलावतील तेव्हा मोठ्याने विचारा: याचं आम्ही काय केलं म्हणजे आम्हाला धरणार नाही?