जिमखान्याची टीम तळाला गेली तेव्हा

"मास्टर, हा तक्ता चुकलाय," साहेब म्हणाले.

चुकला नव्हता. मीच केला होता, आणि निम्म्या मॅचेसना शिटी माझ्याच तोंडात होती. बुलडाण्याच्या हायस्कुलात मी ड्रिल मास्तर. जिल्ह्याच्या फुटबॉल लीगचा सेक्रेटरी, हे वरचं बिनपगारी ओझं. लीगचे अध्यक्ष हे साहेब, म्हणजे जिल्ह्याचे इंग्रज डेप्युटी कमिशनर. त्यांच्या जिमखान्याची टीम पहिल्या वर्गात सहापैकी सहावी आली होती.

लीगचा नियम साहेबांनीच विलायतेहून आणलेला. तिकडे लीगला शाळेसारखे वर्ग असतात. वरच्या वर्गात शेवटचा आला की खाली उतरायचं, खालच्यात पहिला आला की वर चढायचं. अगदी तळाचा लीगबाहेर. "खेळात खानदान बघत नाहीत, मास्टर!" हे सांगताना साहेबांची छाती फुगायची. मलाही ते मनापासून पटलं होतं, गाढव मी.

आमच्या दुसऱ्या वर्गात नांदुऱ्याची टीम पहिली आली. सगळे कापसाच्या प्रेसमधले हमाल, अनवाणी खेळणारे. त्यांचा कॅप्टन करीम खास मोटारीने येऊन मला विचारून गेला होता, "मास्तर, पुढच्या साली जिमखान्याच्या मैदानावर खेळाचं ना? आजवर तिथं आमी गवत कापालेच गेलो."

"हो तर," मी म्हणालो होतो.

साहेबांनी तक्ता उलटा ठेवला. "तो अमेरिकन पाद्री काय सांगत होता? बोलवा त्याला चहाला."

पाद्रीबाबा मिशनचा दवाखाना चालवत. त्यांनी सरळ सांगितलं. त्यांच्या देशात कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. टीमला मालक असतो. एकदा लीगमधली खुर्ची विकत घेतली की दहा वर्षं शेवटचे या, खुर्ची कोणी ओढत नाही.

"मग हरायची लाज?" मी विचारलं.

"लाज कसली! एका खेळात तर नुकतंच असं सुरू झालंय, जो शेवटी येतो त्याला नव्या पोरांतून पहिली निवड."

"किती न्याय्य!" साहेब म्हणाले.

कमिटीत पाच मिनिटांत ठराव पास: चढणं-उतरणं बंद, शेवटच्याला खेळाडूंची पहिली निवड. अळीमिळी गुपचिळी. मीही मूग गिळून बसलो. माझी बदली मेळघाटात करायला साहेबांची एक सही पुरली असती.

नांदुऱ्याला सांगायला मलाच जावं लागलं. करीम प्रेसमध्ये कापसाच्या गाठीवर बसला होता, बाकीचे गाठी वाहत होते.

"आमी तं एकबी मॅच हारलो नाही, मास्तर. मंग वर काऊन नाही?"

"टीम नाही. पण तू आणि आणखी तिघं. साहेबांनी निवडलंय. कचेरीत चपराशी, जिमखान्यात खेळाडू."

"अन् बाकीचे सात?"

त्याने गाठी वाहणाऱ्या त्या सातांकडे बघितलं. मग म्हणाला, "सरकारी नोकरी हाय. घरी पाच तोंडं हायेत. नाही कसं म्हनू?"

पुढच्या वर्षी जिमखाना पहिला आला. सगळ्यात जास्त गोल करीमचे, पायाला चावणाऱ्या बुटांत. मॅच संपली की तोच साहेबांना लिंबूपाणी नेऊन द्यायचा. नांदुरा मात्र दुसऱ्या वर्गात सगळ्या मॅचेस हरून शेवटचा.

मी धीर करून साहेबांकडे गेलो. "सर, आता नांदुऱ्याला पहिली निवड ना?"

"छे! ते वरच्या वर्गापुरतं. खाली इंग्रजी नियम. शिस्त नको का, मास्टर?"

लीगबाहेर काढल्याचं पत्र मी इंग्रजीत लिहिलं. ते पोस्टात टाकायला कचेरीतून करीमच आला.

"कोनाले हाय, मास्तर?"

"नांदुऱ्याला."

"मंग पोस्टात काऊन टाकता? म्या उद्या घरी चाललोच हाय. हाती देतो."

त्याने ते जपून पट्ट्यात खोचलं. मला आत काय आहे ते सांगता आलं नाही.

तेव्हापासून कोणी मला एखादा नियम कसा न्याय्य आहे हे समजावू लागलं, की मी आधी विचारतो, तुमची टीम कितवी आली?