हजेरीपटातला शेरा

'सामाजिक प्रश्न' हा शब्द मी पुढे बैठकांमध्ये ऐकला. तो प्रश्न मात्र मी आधीच पाहिला होता, मातीचा ढीग होऊन पडलेला.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि नव्या जिल्ह्याकडून आमच्या गावाला पहिलं काय मिळालं, तर दुष्काळी काम. चाकूरच्या अलीकडे पाझर तलाव खणत होते. काम जोडीनं चालायचं. नवऱ्यानं खड्ड्यात टिकाव मारायचा, बायकोनं टोपलीनं माती बांधावर टाकायची. मी दहावी नापास, पण लिहिता-वाचता येणारी, म्हणून मुकादमानं हजेरी लिहायला बसवलेली.

बायको आली नाही की नवऱ्याच्या खड्ड्यात माती साचायची, मुकादम ओरडायचा आणि मी शेरा लिहायची, 'पडल्यामुळे गैरहजर'. गावात जिना असलेलं एकही घर नव्हतं, तरी बायका पडतच होत्या. मला हसू यायचं. त्या हसण्याचा आज राग येतो.

गावात ज्याची मारहाण त्याच्या दाराआड असायची. तलावावर सगळ्यांनी एका कडुलिंबाखाली भाकरी खायची, तेव्हा पदर सरकायचे आणि दंडावरचे वळ दिसायचे. एका दुपारी शेजारची म्हातारी मावशी म्हणाली, "समद्याच कशा काय पडायलोत गं आपून?" मग तिनंच ठरवून टाकलं, जो मारील त्याची माती कुणी उचलायची न्हाई.

लगेच दोन खड्डे अडले. मुकादम म्हणाला, "घरातली भांडणं हितं आणू नका."

"माती हितं साचायली न्हवं?" मावशी म्हणाली. "मग भांडण बी हितलंच."

आठवड्यानं माझी आई सुजलेलं मनगट घेऊन कामावर आली. सकाळचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला होता. तरी हजेरीला ती म्हणाली, "पडले."

मला तेवढं लिहून मोकळं होता आलं असतं. बाप खड्ड्यात टिकावावर टेकून माझ्याकडे बघत होता आणि संध्याकाळी मला त्याच घरात जायचं होतं. पण संताप भीतीपेक्षा जास्त होता. मी मोठ्यानं वाचत लिहिलं, "हजर. नवऱ्यानं मारल्यामुळे हात सुजला."

"पोरगी हायेस का वैरीण?" बाप म्हणाला.

मी आईकडे बघितलं. ती नाही म्हणाली असती, तर मी तोंडघशी पडले असते. तिनं टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

"बराबर लिवलंय तिनं," ती म्हणाली.

एकेक करून बायका तिच्याजवळ येऊन बसल्या. दुपारपर्यंत बापाच्या खड्ड्यात गुडघाभर माती साचली. शेवटी टिकाव टाकून तो स्वतःच माती वाहायची म्हणून टोपली न्यायला आला. आई उठली नाही.