यायचा दिवस आन् जायचा दिवस

आमच्याकडं लेक माहेरी आली की यायचा दिवस आन् जायचा दिवस धरत न्हाईत. चार दिवसांसाठी आली म्हणजे मधले चार. मला वाटलं सरकारचं बी तसंच असल. आठवी शिकलेली मी, मला काय ठावं.

माझे मालक वेल्डर हायत. पुण्याच्या एका कंपनीनं त्यांना आखातात पाठवलं, तिकडं कंपनी कारखाना उभारतीय. गेले तवा मला सातवा सरलेला. पोरगी झाली ती माझ्या माहेरी, पालीला, तिचं तोंड त्यांनी फक्त मोबाईलमधीच बघितलं. रोज इचारायचे, नाक कुणावर गेलंय गं, आन् मी कॅमेरा नाकापाशी न्यायची तर नुसतं काळं दिसायचं.

फेब्रुवारीत येतो म्हणले. पण त्यांच्यावर सरकारचा एक नियम होता. एप्रिल ते मार्च ह्या वर्षात माणूस आपल्या देशात एकशे ब्याऐंशी दिवस राहिला की त्याला हितलाच धरतात, मंग तिकडच्या सगळ्या पगारावर हितं कर. त्याच्या आत राहिला तर न्हाई. जायच्या आधी ते एकशे सत्त्याहत्तर दिवस हितं होते. उरले चार. आन् कंपनीनं सही घेतलीती, ज्यानं दिवसांचा नियम मोडला त्याला पुढं तिकडं ठेवायचं न्हाई. हितं तर काम नव्हतंच, म्हणून तर गेलते.

त्यांनी मला म्हणलं, तू कॅलेंडर बघून सांग, मला साईटवर सुचत न्हाई. मी मोजलं, बोटं लावून लावून मोजलं, आन् सांगितलं, येऊन-जाऊन सहा दिवस मिळत्यात. त्यांनी रात्री साडेअकराला मुंबईत उतरणारं विमान धरलं.

दोन दिवसांनी पुण्याच्या हाफिसातल्या बाईचा फोन, ह्यांना बी त्याच फोनवर घेतलेलं.

"वहिनी, दिवस कुणी मोजले?"

मी म्हणलं, "मी."

"अहो, विमान उतरलं की दिवस लागला. रात्री साडेअकराला उतरले तरी तो अख्खा दिवस गेला. जायचा बी धरायचा."

"आमच्यात न्हाई धरत," मी म्हणून गेले.

ती हसली. "आयकरवाले तुमच्या माहेरचे न्हाईत वहिनी."

मालक बी हसले. माझ्या मोजण्यानं त्यांची नोकरी गेली असती. मंग त्या बाईनंच तिकीट बदलून दिलं. रात्री बारा वाजून गेल्यावर उतरायचं, आन् चौथ्या दिवशी रात्री बाराच्या आत पासपोर्टावर शिक्का मारून बाहेर. मी लई बारीक आवाजात इचारलं, एक दिवस जास्त झाला तर, लेकरू हाय ना घरात. ती म्हणली, लेकराचं कारण नियमात न्हाई.

ते येणार म्हणून मी बाळंतपणावरनं लवकर सासरी आले, आष्टीकडं. घरात कोण, तर मी आन् ह्यांची म्हातारी चुलती. सासू-सासरे ऊसतोडीला कारखान्यावर. त्या दिवसांत आमचं गाव रिकामंच असतं, गल्लीला कुलपं, अंगणात कुत्रं सुद्धा भुकत न्हाई. पोरगी रडली की तिचाच आवाज समोरच्या भिंतीवरनं परत यायचा.

पहिल्या दिवशी दुपारी आले. पोरगी त्यांच्याकडं बघून जी रडली. चुलती म्हणली, "रडंल न्हाई तर काय, मोबाईलमधी निसतं डोकं व्हतं, आता हातपाय फुटले."

दुसऱ्या दिवशी आई-बापाला भेटायला गाडीवर कारखान्यावर गेले, ते दिवस मावळल्यावरच आले. त्यांचे बी आई-बापच. पण माझ्या मनात चाललेलं, दोन गेले. तिसऱ्या दिवशी मातर घरीच. पोरगी छातीवर घेऊन पडले आन् तिथंच डोळा लागला दोघांचा. मी भाकरी करता करता नुसती बघत बसले, तव्यावरची करपली.

चौथ्या दिवशी पहाटं तिला पाजायला घेतली तर अंग तापलेलं.

सांगावं तर ते थांबणार, मला ठावं हाय त्यांचा सोभाव, नोकरी गेली खड्ड्यात म्हणतील. आन् न्हाई सांगावं तर तीन महिन्याचं लेकरू. अकराला गाडी येणार. मी तिला कपाळ झाकंल असं टोपरं घातलं, दुपट्यात गुंडाळली, कुणाच्या हातात दिली न्हाई. जाताना त्यांनी घेतलीच. गाल लावला.

"अगं, गरम लागतीय."

"चुलीपाशी होती," मी म्हणलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पिशवीकडं बघितलं. "चटणी वरच्या कप्प्यात ठिवलीय, खाली दाबू नका."

गाडी वळणावर दिसंनाशी झाली आन् मी तशीच पायात चपला घातल्या. चुलतीला धड चालवत न्हाई, ती म्हणली, "कावून गं, कुठं निघालीस?" मी सांगितलं तर कपाळावर हात मारला तिनं. "आन् त्याला जाऊ दिलंस?"

वडापच्या जीपमधी पोरगी निपचित पडलेली. मालक हितं होते तवा आमच्या सगळ्यांचं दवाखान्याचं कार्ड होतं, तिकडं गेल्यावर ते बंद झालं. तिथं दवाखान्याचा इमा हाय, पण एकट्या त्यांचा. आष्टीत डाक्टर बाई मला लई बोलल्या. "पहाटेपासून ताप आन् आता आणतीस? बाप कुठंय हिचा?" मी म्हणलं, वाटंवर हायत. त्यांना वाटलं येताहेत. ठिवून घेतलं तिला, हाताला सुई लावली, इवलासा हात. मला एकदाच वाटलं आत्ता फोन करावा, अजून पुण्यापर्यंतच गेले असतील. बोट त्यांच्या नंबरावर होतं. न्हाई दाबलं.

रात्री त्यांचाच फोन आला. "शिक्का बसला गं. एकशे एक्क्याऐंशी. सुटलो. पोरगी काय करती?"

"झोपलीय."

"कोण रडतंय तिथं?"

"शेजारचं लेकरू," मी म्हणलं, आन् ते खरंच होतं, शेजारच्या खाटंवरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. नर्सबाई कागद करत होत्या, काल दुपारी आलो, आज सकाळी चाललो, तर त्यांनी दोन दिवस लावले. मी दोन दिवसांचे पैसे मोजून दिले.

ह्यांना अजून सांगितलं न्हाई. पोरीचं ते टोपरं मातर मी पुन्यांदा घातलं न्हाई तिला.