दोन टेबलांनी गिळलेली कंपनी

लोकांचे किस्से लग्नात जमतात, गणपतीत जमतात, नाहीतर शाळेच्या गेट-टुगेदरला जमतात. आमचे जमले मर्जरमध्ये. कंपनीचं विलीनीकरण चालू असताना खरं तर हसायला येऊ नये, कारण प्रत्येकाच्या पोटात गोळा असतो. पण गोळा पोटात असतो, तोंड मोकळंच असतं. आणि मोकळ्या तोंडांना आमच्या साहेब लोकांनी कधी विषय कमी पडू दिला नाही.

आमची कंपनी डहाणूहून तलासरीला जाणाऱ्या रस्त्याला. प्लॅस्टिकचे डबे आणि त्यांची झाकणं. मी अकाउंट्सला, चिखल्याहून स्कूटरवर येते. दुपारी स्टोअरच्या मागे आमचं चौघांचं बसणं असतं. मी, स्टोअर सांभाळणारे तांडेलकाका, इलेक्ट्रिशियन भरतभाई आणि पॅकिंग हॉलच्या काशीबाई. काशीबाई गंजाडच्या. मुलगी मांडीवर होती तेव्हा कामाला लागल्या, आता त्या मुलीची मुलगी शाळेत जाते.

तर आमच्या गुजराती मालकांच्या, शेठच्या मनात आलं, की ही कंपनी मुंबईच्या आपल्याच दुसऱ्या कंपनीत विलीन करायची. त्या मुंबईच्या कंपनीत काय आहे? दोन टेबलं, एक एसी आणि शेठचा जावई. शिवाय भरपूर तोटा. तोट्यात असलेल्या त्या दोन टेबलांनी आमचा अख्खा कारखाना गिळायचा, आणि ट्रिब्युनलनं, म्हणजे कंपन्यांच्या कोर्टानं, त्याला मंजुरी द्यायची, असा बेत.

आम्हाला गिळले जाण्याचं दुःख नव्हतं. प्रश्न एकच होता, आणि तो काशीबाईंनी पहिल्याच दिवशी विचारला. "मॅडम, नव्या कंपनीत आमची मागची वर्षं धरतील, का पुन्हा पयल्यापासून?" ग्रॅच्युइटी मागच्या वर्षांवर मिळते, म्हणून पॅकिंगच्या सगळ्या बायकांचं म्हातारपण त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं.

*

पहिला किस्सा सिनर्जीसाहेबांचा. हे मुंबईचे कन्सल्टंट. त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण दर वाक्यात ते सिनर्जी म्हणायचे. कॅन्टीनमध्ये पडदा लावून त्यांनी आम्हाला मर्जर समजावलं. निळा गोल, पिवळा गोल, मग दोघांचा मिळून एक हिरवा गोल.

"काही शंका?" त्यांनी विचारलं.

भरतभाई उठले. "साहेब, ती मुंबईवाली कंपनी बनवते काय?"

"व्हॅल्यू," साहेब म्हणाले. "ती कंपनी व्हॅल्यू क्रिएट करते."

भरतभाईंनी थोडा विचार केला. "अच्छा. कुठल्या मशीनवर?"

साहेबांनी पडदा गुंडाळायला सांगितला.

*

मर्जरच्या कायद्यात एक गंमत असते. मंजुरी आज मिळो नाहीतर दोन वर्षांनी, विलीनीकरण कधीपासून झालं असं धरायचं ती तारीख आधीच ठरवून ठेवता येते. आमच्या स्कीममध्ये, म्हणजे ट्रिब्युनलपुढे ठेवलेल्या विलीनीकरणाच्या योजनेत, ती मागच्या एप्रिलची होती. म्हणजे मंजुरी मिळाली, की आमची कंपनी मागच्या एप्रिलपासून नव्हतीच असं मानायचं.

हे तांडेलकाकांना कळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मागच्या पावसाळ्यात एचआरच्या राणेसाहेबांनी त्यांना उशिरा आल्याचा मेमो दिला होता. काका तो घेऊन थेट राणेसाहेबांकडे गेले.

"साहेब, स्कीम मंजूर झाली की त्या दिवशी ही कंपनी नव्हतीच असं होणार. मग हा मेमो कुणी दिला मला?"

राणेसाहेबांना उत्तर द्यायला वेळ लागत नाही, फक्त विचार करायला लागतो. ते म्हणाले, "कंपनी नसेल तांडेल, पण लेट तर तुम्हीच आला होतात."

या माणसाच्या हातात आमच्या नोकऱ्या होत्या.

*

शेअरहोल्डर सगळे शेठच्या घरातले. सगळ्यांनी संमतीची अ‍ॅफिडेव्हिट दिली असती, तर सभा घ्यायला लागली नसती. पण शेठचे मेहुणे सही करेनात. त्यांची डहाणूला चिकूची वाडी आहे. कारण विचारलं तर म्हणाले, "माझ्या मनाला पटत नाही." खरं कारण अख्ख्या डहाणूला माहीत होतं. शेठच्या मुलाच्या रिसेप्शनला त्यांना स्टेजवर बोलवायचं राहून गेलं होतं.

झालं. ट्रिब्युनलनं सभा घ्यायला सांगितली आणि सभेचा अध्यक्ष म्हणून मुंबईचे एक वकील नेमले. तारीख ठरवली सिनर्जीसाहेबांनी. त्यांनी सगळ्यांच्या डायऱ्या पाहिल्या, फक्त डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेचं कुणाला विचारलं नाही. जत्रा हायवेला लागून भरते. जत्रेच्या ऐन गर्दीत मुंबईहून गाडीनं तलासरीला यायचं म्हणजे काय, हे इथलं शेंबडं पोर सांगेल.

अध्यक्ष जत्रेत अडकले. इकडे तलासरीला शेठच्या हॉलमध्ये सगळे नातेवाईक नटूनथटून बसलेले. शेवटी अध्यक्ष आले ते कपाळाला कुंकू आणि हातात प्रसादाची पिशवी घेऊन. गाडी हलतच नव्हती, म्हणून दर्शन उरकून घेतलं म्हणाले. दिवसभरात शहाणपणाचं तेवढंच एक काम झालं.

सभा सुरू झाली. मेहुणे विरोधात बोलायला उठणार, तोच शेठनी त्यांचा हात धरला आणि वर नेऊन अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. फोटोग्राफरनं फोटो काढला. मेहुण्यांनी आणखी एक काढायला लावला. मग मतदान झालं आणि एकही मत विरोधात गेलं नाही. कायद्याला शेअरच्या मूल्यानं तीन चतुर्थांश बहुमत लागतं. आमच्याकडे एक खुर्ची लागली.

*

जावयांना दम निघत नव्हता. ट्रिब्युनलचा अजून पत्ता नाही आणि त्यांनी नव्या कंपनीच्या नावाचे टी-शर्ट छापून आणले. भगवा रंग, पाठीवर भलंमोठं नाव. सगळ्यांना ते वाटून दिले, ग्रुप फोटो काढला, जावयांनी तो इंटरनेटवर टाकला.

संध्याकाळी वकिलांचा फोन आला. मंजुरीच्या आधी असले उद्योग करू नका, टी-शर्ट परत घ्या. दुसऱ्या दिवशी राणेसाहेब गेटवर पोतं घेऊन उभे. वाटलेले कपडे परत मागणारी कंपनी मी पहिल्यांदाच पाहिली. लाज नावाची गोष्ट त्या पोत्यात सगळ्यात खाली गेली असावी.

एक टी-शर्ट कमी भरला. राणेसाहेबांनी त्याची चौकशी लावली. कुणालाच काही माहीत नव्हतं. पुढे एकदा मी भरतभाईंबरोबर काशीबाईंकडे गंजाडला गेले होते. रस्त्यालगतच्या मिरचीच्या शेतात बुजगावणं उभं होतं. भगवा टी-शर्ट, पाठीवर नव्या कंपनीचं नाव.

भरतभाई गाडी थांबवून बघत राहिले. म्हणाले, "ट्रिब्युनलच्या आधी याचीच नोकरी पक्की झाली."

*

सुनावणी व्हिडिओवर होती. शेठना ती बघायचीच होती, म्हणून लॅपटॉप लावून द्यायला मला केबिनमध्ये बसवलं. आमचा नंबर दुपारनंतर लागला. शेठ तोवर कंटाळून फोन, चहा, ढोकळा यात गुंतले होते. मी दोनदा सांगितलं की माइक बंद ठेवा. पण शेठना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आमचं प्रकरण पुकारलं गेलं. ट्रिब्युनलच्या सदस्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कामगारांचं काय?"

माझा जीव कानात आला. आमच्या वकिलांनी आवाज मऊ केला. "स्कीम लागू होईल त्या दिवशी जे कोणी नोकरीत असतील, ते सगळे जुन्या नोकरीसकट नव्या कंपनीत येतील. सेवेत खंड नाही. माय लॉर्ड, कामगार हा आमचा परिवार आहे."

नेमक्या त्याच क्षणी आमच्या केबिनमधून शेठ राणेसाहेबांना ओरडून म्हणाले, "पॅकिंगवाळी बायकांना आज एक तास जास्ती बसव. नाय बसली तर उद्या गेटवरूनच परत काढ."

सगळं ट्रिब्युनलनं ऐकलं. सदस्य कागदावरून मान वर न करता म्हणाले, "ज्यांचा परिवार बोलतो आहे, त्यांनी कृपया माइक बंद करावा."

*

वर्ष उलटत आलं तेव्हा अखेर आदेश निघाला. मंजूर! त्यात ते वाक्य होतंच. लागू होण्याच्या दिवशी जे नोकरीत असतील, ते सगळे जुन्या नोकरीसकट. मी काशीबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मला वाटलं, आनंदानं असेल. पण त्या माझ्यापेक्षा दोन पावसाळे जास्त बघितलेल्या.

"त्या दिवशी नोकरीत असतील ते," त्या म्हणाल्या. "आणि त्या दिवशी नसतील ते?"

उत्तर दोनच दिवसांत कळलं. हिशेबाची तारीख जुनीच, पण स्कीम लागू होते ती आदेशाची प्रत सरकारी पोर्टलवर फॉर्मसोबत भरली त्या दिवसापासून. म्हणजे तो दिवस ठरवणं कंपनीच्या हातात. सिनर्जीसाहेबांनी ही युक्ती शेठच्या कानात सांगितली आणि शेठनी ती राणेसाहेबांवर सोपवली. आमच्या गेटवर हजेरीचं अंगठ्याचं मशीन आहे. ज्याचा अंगठा मशीन घेत नाही, तो नोकरीत नाही. महिना संपला की पॅकिंगच्या सगळ्या बायकांचे अंगठे बंद करायचे, मग फॉर्म भरायचा, आणि पंधरा दिवसांनी याच बायका वापीच्या ठेकेदाराकडून परत आणायच्या. त्याच जागेवर, त्याच झाकणांवर, पण कालपासून लागल्यासारख्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रिब्युनलपुढे परिवार, आणि इथे अंगठा बंद! मी दुपारीच काशीबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच धरून ऐकलं.

"आमी काय करू शकतो, मॅडम?" त्या म्हणाल्या. "अंगठा आमचा हाय, पण मशीन त्यांचं."

त्या दिवशी आमच्या चौघांपैकी कुणीच डबा संपवला नाही.

*

महिना संपायला अजून अवकाश होता. एका सकाळी शेठ कारखान्यात आले ते रेशमी कुर्ता घालून. मागे ड्रायव्हर, त्याच्या हातात हार, नारळ आणि पेढ्यांचे डबे. अक्षय्य तृतीया होती. राणेसाहेब जागेवर नव्हते. ते वापीला ठेकेदाराशी बोलणी करायला गेले होते.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर लक्ष्मीचा फोटो मांडला होता.

"महाराजने मुहूर्त काढून दिला आहे," ते म्हणाले. "आज अखात्रीज. असा दिवस वर्षात एकदा येतो. फॉर्म आजच भरायचा. लाव मुंबईला फोन."

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"शेठ, आजच भरू?" सिनर्जीसाहेब म्हणाले. "नक्की? तुमच्याकडचं सगळं आटोपलं ना?"

शेठनी लक्ष्मीपुढच्या उदबत्तीकडे बघितलं. "हा हा, सगळं आटोपलं. पूजा पण झाली. तुम्ही भरा."

खाली पॅकिंग हॉल चालू होता. सगळे अंगठे चालू होते. साहेबांनी 'आटोपलं ना' म्हणून विचारलं ते याचंच, हे त्या केबिनमध्ये फक्त माझ्याच ध्यानात आलं. मी तोंड उघडलं नाही. शेठ नारळ शोधत होते, तो मी त्यांच्या हातात दिला.

पलीकडून साहेब म्हणाले, "भरला. अभिनंदन!" शेठनी नारळ फोडला.

मग ते स्वतः खाली उतरले. पॅकिंग हॉलमध्ये फिरून एकेकीच्या हातावर पेढा ठेवला. इतक्या वर्षांत शेठ त्या हॉलमध्ये शिव्या दिल्याशिवाय पहिल्यांदाच फिरले.

दुपारी राणेसाहेब वापीहून आले. ठेकेदार पक्का झाला, असं हसत हसत सांगायला केबिनमध्ये शिरले आणि पेढा तोंडात टाकता टाकता थांबले.

"शेठ, हे कशाचे?"

शेठनी सांगितलं. राणेसाहेबांनी पेढा परत डब्यात ठेवला आणि मुंबईला फोन लावला. स्पीकर चालूच होता.

"मागे घेता येईल का?" त्यांनी विचारलं.

"काय मागे घेणार?" सिनर्जीसाहेबांचा आवाज चढला. "आज जेवढे नोकरीत होते, तेवढे सगळे गेले नव्या कंपनीत. जुन्या वर्षांसकट. मी विचारलं होतं ना, सगळं आटोपलं का म्हणून?"

शेठ खिडकीतून गेटकडे बोट दाखवत म्हणाले, "अरे पण बोर्ड तर अजून जुनाच आहे!"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. काशीबाई होत्या. डोक्यावरची पॅकिंगची टोपी काढून त्या आत आल्या, शेठना नमस्कार केला.

"शेठ," त्या म्हणाल्या, "आमच्यातल्या तिघी आज रजेवर हायत. त्यांचे पेढे मी नेऊ का?"

शेठनी राणेसाहेबांकडे बघितलं. मग टेबलावरचा डबा उचलून काशीबाईंच्या हातात दिला.

"लई जा, काशीबेन," ते म्हणाले. "आखो डब्बोच लई जा."