आकडा सांगून गप्प बसायचं

ताई अमेरिकेत काँग्रेसच्या निवडणुकीला उभी राहिली, त्याच वर्षी आई माझ्याकडे आयर्लंडमध्ये, डब्लिनला अडकून पडली. काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, आपल्याकडचा पक्ष नव्हे, हे मी पुण्यातल्या नातेवाइकांना इतक्यांदा समजावलं की शेवटी नाद सोडला. हो मावशी, काँग्रेसकडून, असंच म्हणायला लागले.

आई तीन महिन्यांसाठी आली होती. मग कोरोना आला आणि विमानं बंद झाली. सँडीफोर्डचा माझा फ्लॅट एका बेडरूमचा. बेडरूम तिला दिली, मी सोफ्यावर झोपायला लागले. ऑफिस बंद, म्हणून जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप. खालून लुआस, म्हणजे इथली ट्राम, रिकामीच जायची आणि खिडकीतून बघून आई दर वेळी म्हणायची, "कोणीच नाही गं आत." मी दमले होते. काम, स्वयंपाक, तिच्या गोळ्या, तिचा व्हिसा, आणि या सगळ्यावर तिचा एकच प्रश्न: ताईचा फोन आला का?

ताईचा फोन येत नव्हता, कारण ताई दिवसभर फोनवरच असायची. तिच्या विरोधातला खासदार वर्षानुवर्षं त्या जागेवर बसलेला, त्याच्याकडे पैसा आपल्या पायांनी चालत यायचा. त्याला आव्हान देणाऱ्या नवख्या बाईला मात्र तिच्या पक्षातली माणसंसुद्धा आधी विचारायची, या तिमाहीत किती जमवले? शाळा, दवाखाने, यांबद्दल तिला काय वाटतं ते नंतर. म्हणून तिच्या प्रचाराच्या मॅनेजरने तिला रोज एका खोलीत यादी देऊन बसवलेलं. जुन्या मैत्रिणी, आधीच्या ऑफिसातले लोक, मराठी मंडळातले डॉक्टर. प्रत्येकाला फोन करायचा आणि पैसे मागायचे.

त्या यादीत आई नव्हती. उन्हाळ्यात तिनेच मनावर घेतलं. लेक एवढ्या मोठ्या कामाला उभी राहते आणि आईचा आहेर नको? एकशे एक डॉलर पाठव म्हणाली. मी वेबसाइट उघडली, तर पैसे द्यायच्या आधी कबूल करायचं होतं की मी अमेरिकेची नागरिक आहे किंवा तिथली कायमची रहिवासी. मी ताईला मेसेज केला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच तिचा लगेच फोन आला, तोही घाबरून.

"नको हं, प्लीज! फॉरेनरकडून एक डॉलर घेतला तरी मी अडकेन. इल्लीगल आहे ते."

"फॉरेनर कोण?" आईने विचारलं. "मी?"

"आई, रूल आहे गं तसा. मला जायला हवं, लोक थांबलेत."

आईने माझ्याकडून एक पाकीट मागून घेतलं, त्यात आपल्या पर्समधल्या नोटा घातल्या, वर एक नाणं टाकलं आणि ते स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये पोह्यांच्या डब्यामागे ठेवून दिलं. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, हा शब्द मात्र तिने पहिल्याच आठवड्यात उचलला होता.

त्यानंतर ताईची खबर यायची ती माझ्या ईमेलमध्ये. प्रचाराची पत्रं दिवसाला दोन-तीन, खाली ताईची सही. 'आज मला तुमची गरज आहे. तुमच्याशिवाय हे होणार नाही.' मी ती आईला मराठीत वाचून दाखवायची.

"बघ, गरज आहे म्हणते," आई एकदा म्हणाली. "आणि तू म्हणतेस तिला वेळ नाही."

"आई, हे ती लिहीत नाही. हजारो लोकांना एकदम जातं."

तिने चष्मा काढून पदराला पुसला. "असेना. खाली नाव तिचंच आहे ना?"

मला ताईचा राग यायचा. खरं सांगायचं तर आईचाही. अख्खा दिवस मी समोर होते, आणि तिचा जीव तिकडे लागलेला. मी केलेली आमटी खाताना म्हणायची, ताईला जरा आंबट लागते.

ऑक्टोबरमध्ये एकदा ताईने व्हिडिओ कॉल केला. फोनमधून डोकं वर काढायला तेवढीच पाच मिनिटं होती. तू दिवसभर नक्की बोलतेस तरी काय, असं आईने विचारलं. "थांब, दाखवते," म्हणून ताईने आमचा आवाज बंद केला आणि दुसऱ्या फोनवर एका डॉक्टरांना गाठलं. तब्येत विचारली, मुलीच्या कॉलेजचं विचारलं. मग म्हणाली, मी तुमच्याकडे एक मागायला फोन केलाय. आकडा सांगितला आणि तोंड मिटून बसली. पलीकडे शांतता. मलाच इतकं अवघडल्यासारखं झालं की वाटलं, आपणच पैसे द्यावेत. शेवटी डॉक्टर काहीतरी बोलले आणि ताईने आम्हाला अंगठा दाखवला.

"आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं," नंतर ती म्हणाली. "जो आधी तोंड उघडेल तो गेला." हसली, पण डोळ्यांखाली काळं झालं होतं. आई तिच्याकडे बघत राहिली.

नोव्हेंबरमध्ये ताई पडली. थोडक्यात नव्हे, चांगलीच पडली. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. चला, आता हिला आईशी बोलायला वेळ मिळेल. पण फोन आला नाही. 'ठीक आहे, नंतर बोलते' एवढाच मेसेज. ईमेलही बंद झाले. दुपारी आई माझ्या शेजारी येऊन बसायची आणि विचारायची, "आज काहीच नाही का वाचायला?" बाहेर पुन्हा लॉकडाउन होता, पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. आम्ही पार्किंगला फेऱ्या मारून परत यायचो.

एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना तिने फोन माझ्यासमोर धरला. "लाव ताईला."

"उचलणार नाही ती."

"लाव तू."

ताईने उचलला. आवाज बसलेला होता. आईने विचारलं, जेवलीस का. थंडी किती आहे. पाठ दुखायची ती थांबली का. मग खुर्चीत सरळ बसली.

"मी तुझ्याकडे एक मागायला फोन केलाय," ती म्हणाली. "रोज दहा मिनिटं."

आणि गप्प बसली.

पलीकडून काहीच येईना. लॅपटॉपवर कोणीतरी माझं नाव घेत होतं, मी म्यूटच राहिले. खालून लुआस गेली, आई बोलली नाही. मला राहवेना. मी तोंड उघडणार तोच तिने बोट वर केलं. ताईचा श्वास ऐकू येत होता. मग तो तुटला.

"हरले गं आई मी," ताई म्हणाली. इतक्या दिवसांत हे तिने आम्हाला म्हटलं नव्हतं.

"ते माहितेय मला," आई म्हणाली. "दहा मिनिटांचं बोल."

आणि पुन्हा गप्प बसली.