सोसायटीच्या आडातलं पाणी

मी मायक्रोबायोलॉजीची. भुताखेतांच्या गोष्टी आजवर हसण्यावारीच नेल्या... म्हणून हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

दुष्काळाचं वर्ष होतं. मी अंबाजोगाईला एका लॅबमध्ये नोकरीला. शिरूर कासारजवळच्या एका गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. गाव टँकरवर जगत होतं. रुग्णांमधले आणि टँकरमधले जंतू आम्ही जुन्या, झटपट पद्धतीनं जुळवले — डीएनएचे तुकडे जेलवर पळवायचे, पट्टे बघायचे. पट्टे हुबेहूब सारखे! टँकर बंद करायचं ठरत आलं. म्हणजे गाव कोरडं.

परत एकदा नमुने घ्यायला गेले. दुपारी दूध सोसायटीच्या भिंतीपाशी एक म्हातारी पुढं आली. भर उन्हात लुगडं ओलंचिंब, हनुवटीवर गोंदण. हातात आमच्याच लॅबची बाटली, पाण्यानं भरलेली. वाटलं, आमच्यातल्याच कुणीतरी दिली असेल.

"बाई, ह्येबी तपासा."

"कुठलं पाणी?"

"सोसायटीच्या आडातलं."

बाटलीवर आडाचं नाव लिहून मान वर केली, तर... कुणीच नाही.

या वेळी मी नव्या पद्धतीचा हट्ट धरला — जंतूचा सगळा डीएनए अक्षर न् अक्षर वाचायचा. टँकरचा जंतू निघाला वेगळा, विष न बनवणारा. रुग्णांशी जुळली फक्त म्हातारीची बाटली.

सोसायटीचे चेअरमन, त्यांना सगळे बप्पा म्हणत. त्यांना आड दाखवा म्हटलं.

"आड कुठला आता? मी ल्हान होतो तवाच बुजवला. पटकीत लई मानसं गेल्ती. त्याच्यावरच ही डेअरी हाय."

डेअरीच्या आवारात नवीन बोअर होता. अर्धं गाव तिथलंही पाणी न्यायचं. बुजलेल्या आडाचं पाणी त्यात झिरपत असणार, म्हणून तो बंद केला, टँकर चालू ठेवला. साथ थांबली.

तुम्ही म्हणाल, म्हातारीनं बोअरचंच पाणी भरलं असेल. मीही तेच म्हटलं असतं. पण बाटलीत शेवाळ होतं, हिरवंगार. बोअरच्या अंधारात शेवाळ धरत नाही... त्याला ऊन लागतं, उघड्या आडात पडतं तसं.

बप्पांना म्हातारीचं वर्णन सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुमच्याकडं प्यायला पानी मागितलं का तिनं?"

"नाही."

"मग बरं झालं, बाई."

पुढं कितीदा विचारलं, ते विषय पावसापाण्यावर न्यायचे. आता तर तेही राहिले नाहीत.

त्या बाटलीतला जंतू मी पुन्हा वाचून घेतला — निकाल तोच. ती कोण होती, आणि पाणी मागितलं असतं तर काय झालं असतं... मला आजही सांगता येत नाही.