पेशीच्या दारातली साखर

सात वर्षं एका लॅबमध्ये काढली की किस्से आपोआप साठतात. नोंदवहीतले आकडे विसरतात, हे मात्र विसरत नाहीत!

आमची लॅब तंजावूरहून ओरत्तनाडुला जाणाऱ्या रस्त्यावर. काम एकच. कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचा विषाणू पेशीत शिरतो कसा, ते बघायचं. पेशीच्या अंगावर साखरेची बारीक टोकं असतात. विषाणू ती धरतो, चिकटतो, मग त्याचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं आणि स्वारी आत! आमच्या सेल्वीची पीएचडी यावरच. ती टोकं आधीच कापून टाकली, तर हा धरणार कशाला? पाच वर्षं झाली होती. एक मुदतवाढ मिळाली होती, दुसरी मिळणार नव्हती.

* * *

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत मी हे मामाला समजावलं. मामा डायबिटीसचा जुना पेशंट. लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, "साखर कापायचं औषध आहे तुमच्याकडे? मग तें कोंबडीला कां देता, अग? मला दे!"

* * *

चाचणीला कोंबडीचं ताजं रक्त लागतं. एकदा ते बर्फाच्या डब्यात घालून सेल्वी आणि मी टाऊन बसने निघालो. उभं राहायलाही जागा नव्हती. कंडक्टरने विचारलं, "डब्यात मासे का?"

सेल्वीला खोटं बोलता येत नाही. "नाही, कोंबडीचं रक्त."

पुढचं बाक रिकामं झालं, मागचंही! लॅबपर्यंत ऐसपैस बसून आलो.

* * *

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आम्ही सगळ्या यंत्रांना चंदन-कुंकू लावतो. एका वर्षी मी उत्साहाच्या भरात मायक्रोस्कोपला, आमचे लॅबप्रमुख सर जिथे डोळे टेकवतात नेमकं तिथेच, लावलं. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर सर पेशी बघून तडक मीटिंगला गेले. दोन्ही डोळ्यांभोवती लाल वर्तुळं!

परत आल्यावर म्हणाले, "आज माझ्याशी कोणी वाद घातला नाही."

* * *

आमची चाचणी साधी आहे. विषाणू असला की तो रक्तपेशींना धरून ठेवतो, त्यांची जाळी होते. नसला, तर पेशी तळाला बसून लाल ठिपका दिसतो. एका दुपारी सेल्वी आनंदाने ओरडत आली, "सगळीकडे ठिपके! एकही विषाणू चिकटला नाही!"

मी विचारलं, "प्लेट कुठे ठेवली होतीस?"

"टेबलावर. जेवायला गेले होते ना."

मे महिना! प्लेट ठेवायची असते गारव्यात. उकाड्यात फार वेळ ठेवली, तर विषाणू स्वतःच साखरेची टोकं कापतो आणि सुटतो. त्याच्याकडे ती कात्री असतेच. सर शांतपणे म्हणाले, "सेल्वी, जे काम तू पाच वर्षं करते आहेस, ते त्याने जेवणाच्या सुट्टीत केलं."

ती त्या दिवशी रडली. मलाही वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी जेवण प्लेटशेजारीच आणलं. लॅबमध्ये खायला बंदी, म्हणून सरांनी त्यावरूनही बोलून घेतलं.

* * *

शेवटी तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. आमच्याकडे ती सर्वांसमोर होते, कोणीही येऊन बसावं आणि प्रश्न विचारावा. मागच्या रांगेत सेल्वीची आई होती, नव्या साडीत. ती गावी कोंबड्या पाळते. एका उन्हाळ्यात राणीखेतने तिची सगळी खुराडी रिकामी केली होती.

बाहेरून आलेले परीक्षक कडक. दोन तास त्यांनी सेल्वीला सोडलं नाही, तिनेही एक प्रश्न सोडला नाही. मग पेनला टोपण लावून त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "सभेतून कोणाचा प्रश्न?"

आई उभी राहिली. तमिळमध्ये म्हणाली, "त्या रोगाचं दार बंद करायला शिकलीस म्हणतेस. मग यंदा माझ्या कोंबड्या वाचतील का?"

सरांनी मान खाली घातली. सेल्वी आईकडे वळली.

"नाही, अम्मा. काचेच्या बशीत जमतं. कोंबडीत अजून नाही जमत."

"मग एवढा वेळ काय सांगत होतीस?" असं म्हणून आई खाली बसली.

कोणी हसलं नाही. परीक्षकांनी टोपण काढलं आणि पीएचडीच्या मंजुरीवर सही केली.